दादा बरा झाला तो दिवस

दादा पुढे बरा झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ऐकणारे शेवटपर्यंत आशेवर बसतात आणि मग माझ्यावर रागावतात. माझी लेक तर हमखास रागावते. "आई, तुझ्या सगळ्या गोष्टी रडक्याच कशा गं?" म्हणते. अगं बाई, मी काय घरी बसून रचतेय का? जे झालं ते सांगतेय. तुला हसायचं असेल तर टीव्ही लाव.

आम्ही तेव्हा कल्याणजवळ मोहन्याला राहायचो. कारखान्याच्या भिंतीला लागून ज्या चाळी होत्या, त्यातल्या एकीत आमच्या दोन खोल्या. बाबा कारखान्यात कामाला, आणि आमचं सगळं घर भोंग्यावर चालायचं. पहिला भोंगा झाला की आईचा स्टोव्ह पेटायचा, दुसऱ्याला बाबा चपला शोधायला लागायचे, आणि दुपारचा झाला की आई भाकऱ्यांचा तवा परत चढवायची, कारण बाबांना ताटात वाफ दिसल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. भाकरी, सुकटीची चटणी, कुळथाची पिठी. आठवड्यातून एकदा बांगडे आले की चाळीतल्या सगळ्या मांजरींना आमचा पत्ता आठवायचा. आई रत्नागिरीकडची, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. मी तिच्यावर गेलेय असं सगळे म्हणतात. हाताच्या बाबतीत म्हणत असावेत.

दादा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. मानपाड्याला एका कंपनीत फिटर होता. देखणा, उंच, कॅरममध्ये चाळीत कुणाला ऐकायचा नाही. एक दिवस तो दुपारीच घरी आला. बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी खाटेवर बसला, बूट काढले आणि म्हणाला, "आई, उद्या मी जाणार नाही." आईला वाटलं अंग मोडून आलंय, तिने आल्याचा चहा दिला. दुसऱ्या दिवशीही तो गेला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि मग जाण्याचा विषयच राहिला नाही. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. भांडण नाही, व्यसन नाही, कुणी काही बोललेलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "काही झालं नाहीये गं. मला काही नकोच वाटतंय." आवाजात राग नसायचा, म्हणून तर अंगावर काटा यायचा. रागावला असता तर समजूत तरी काढली असती.

आता माझ्या मावसबहिणीचा मुलगा डॉक्टर आहे. तो ऐकून म्हणाला, "मावशी, हे सरळ डिप्रेशन होतं, आज गोळ्या आहेत याच्यावर." असतील रे बाबा. आमच्याकडे तेव्हा मीठ-मोहऱ्या-मिरच्या होत्या. आईने त्या ओवाळून शेगडीत टाकल्या, मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून तिला खात्रीच पटली की नजर जबरदस्त आहे. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी ताकदीचं लाल औषध दिलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पोरगी-बिरगी आहे का काही मनात?" आईने तर आशेने मला दादाच्या मित्रांकडे चौकशीला पाठवलं. कुणीही नव्हती. असती तर बरं झालं असतं, आईने कुठल्याही जातीची चालवून घेतली असती. इतकी ती टेकीला आलेली.

मी त्या वर्षी कल्याणला कॉलेजात जायचे, इंग्रजी विषय घेऊन. आमच्या चाळीत इंग्रजी घेणारी मी पहिलीच, त्यामुळे साबणाच्या वेष्टनापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं माझ्याकडे वाचायला यायचं. सरांनी एक फार जुनी कविता शिकवली, चौदा ओळींची. एक माणूस आहे, त्याचं सगळं बिनसलंय. नशिबाने पाठ फिरवली, लोकांनी फिरवली, देवही ऐकत नाही. दुसऱ्यांचं बघून जळतो आणि स्वतःचीच किळस करतो. आणि मग मध्येच त्याला एका माणसाची आठवण येते. एवढंच होतं, बाकी काही नाही. पैसा मिळत नाही, नशीब फिरत नाही, नुसती आठवण येते आणि त्याचं मन असं काही वर उचललं जातं की त्याला कुणाचा हेवाच उरत नाही. सर शिकवताना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "प्रेमाने परिस्थिती बदलत नाही, माणूस बदलतो." आम्ही सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मी घरी येईपर्यंत ते घोकत आले. मला दुसरं कोण आठवणार? खाटेवरचा दादाच आठवत होता.

आईला मी ती कविता भाकऱ्या थापताना सांगितली. तिने सगळी नीट ऐकली, भाकरी उलटली, आणि म्हणाली, "मग मी आणि भाऊ दुसरं काय म्हणतोय? लग्न करून टाका म्हणतोय ना!" मी कपाळावर हात मारला. भाऊ म्हणजे माझा मामा, डोंबिवलीचा. त्याने आधीच घोषणा केलेली की बायको आली की पोरगा आपोआप उठेल. त्याच्या ओळखीत असे तीन जण उठलेले म्हणे. आमच्या लोकांत हे औषध तेव्हा सगळ्यावर चालायचं. मुलगा दारू पितो, लग्न करा. मुलगा घरी टिकत नाही, लग्न करा. बोलत नाही, जेवत नाही, लग्न करा. आई टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलून आली. लग्न जुळण्यासाठी लोक तिथे जातातच, पण आईचा नवस दुहेरी होता, लग्नही जुळू दे आणि त्याने पोरगंही उठू दे.

मुलगी महाडकडच्या एका खेड्यातली मिळाली. शालिनी तिचं नाव. मामाने तिकडे सांगितलं, "मुलगा शांत आहे." मी म्हटलं, "मामा, नीट सांगा ना त्यांना, शांत आणि हे यात फरक आहे." तर मामा म्हणाला, "तू पुस्तकं वाच," आणि आई म्हणाली, "तुझं व्हायचंय अजून, तोंड आवर." दादाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला बरं वाटणार असेल तर करा." आईने त्यातला 'करा' तेवढा ऐकला. लग्नात तांदळाच्या ताटात बायकोचं नवीन नाव लिहायची वेळ आली. मामींनी 'श्रावणी' ठरवून ठेवलेलं. दादाने अंगठी हातात घेतली आणि सावकाश 'शालिनी' लिहिलं. बायका हसल्या, म्हणाल्या, अगोबाई, नवरा आत्तापासूनच बायकोच्या मुठीत! पदराआडून वहिनी हसली ते मी बघितलं. मला ती तिथेच आवडली.

वहिनी आली आणि घराला जरा आवाज आला. तिला गुणगुणायची सवय होती, तांदूळ निवडताना, भांडी घासताना, केस विंचरताना. कुठलं एक गाणं नाही, सगळ्या गाण्यांचे तुकडे. येताना आमसुलं, नाचणीचं पीठ आणि फणसाच्या आठळ्या घेऊन आलेली. आठळ्या निखाऱ्यावर भाजून, सोलून, मीठ लावून ती दादाच्या खाटेवर कडेला जाऊन बसायची आणि त्याला गावच्या गोष्टी सांगायची. तिच्या काकांची म्हैस पुरात वाहून गेली आणि चौथ्या दिवशी आपली आपण परत आली, शाळेतले मास्तर घोरायचे, असं काहीबाही. दादा भिंतीकडून तोंड वळवून ऐकायचा. आठळी खायचा. एकदा म्हशीच्या गोष्टीला तो हसला. आई आतल्या खोलीत हातात पीठ तसंच घेऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघून कुजबुजली, "गुण येतोय गं." मलाही वाटलं. माझी कविता खरी होतेय असं वाटलं.

पण हसला म्हणजे उठला नव्हता. काही दिवस जरा बरे जायचे, की परत तो भिंतीकडे वळायचा. आणि आता त्याच्या न उठण्याला एक नवीन धनी मिळालेला. आधी आई नजरेला शिव्या द्यायची. आता दादाने ताट परत पाठवलं की ती वहिनीला विचारायची, "काय बोललीस त्याला?" शेजारच्या काकू नळावर विचारायच्या, "काय गं, अजून तसाच का? जरा नटत-मुरडत जा, पुरुषाचं मन लागायला नको?" मामा रविवारी आला की दारातूनच, "काय सूनबाई, काय प्रगती?" जशी काही ती कंपनीत मुकादम आहे! वाईट कुणीच नव्हतं हो. आई तिला चांगलंचुंगलं खायला घालायची, पहिला बांगडा तिच्या ताटात वाढायची. पण औषधाच्या बाटलीकडे बघावं तसं सगळे तिच्याकडे बघायचे, आणि बाटली काम करेना.

वहिनीचं गुणगुणणं कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही आलं. मला दिसलं ते एवढंच की मोरीत भांडी घासायला बसलेली वहिनी हातात तांब्या धरून तशीच बसलेली असायची. नळ वाहत असायचा. हाक मारली की दचकून उठायची आणि "आले आले" म्हणायची. दूध उतू जायला लागलं. आठळ्या संपल्या आणि तिने माहेरून आणखी मागवल्या नाहीत. खाटेवर कडेला ती अजूनही बसायची, पण आता दोघंही गप्प असायची. एकाला काही नको वाटत होतं, आता दोघांना वाटायला लागलेलं, आणि आई मात्र पुढच्या चतुर्थीला टिटवाळ्याला काय वाहायचं याचा विचार करत होती.

परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी लागली तेव्हाची दुपार. बाबा पाळीला गेलेले, आई काकूंकडे पापड लाटायला. मी मोठ्याने ती कविता पाठ करत होते. दादा खाटेवर, तोंड भिंतीकडे, झोपलाय असं मी धरून चाललेले. वहिनी सुपात तांदूळ घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"वन्सं, काय वाचताय? मला सांगा की मराठीत."

मी सांगितली. तो माणूस, त्याचं बिनसलेलं नशीब, ती आठवण, आणि मग त्याचं वर उचललं जाणं. सांगताना मला जरा लाजच वाटली, कारण आमच्याच घराबद्दल बोलल्यासारखं होत होतं. वहिनी खडे वेचत ऐकत होती. मी थांबल्यावर तिने विचारलं, "आणि ती?"

"कोण ती?"

"जिची आठवण काढून तो उठला. ती काय करत होती तेव्हा?"

मी परत पुस्तकात बघितलं. चौदा ओळी होत्या, बघायला कितीसा वेळ लागणार? "तिचं काही नाहीये यात," मी म्हटलं.

"म्हणजे तिला ठाऊकच नसेल," वहिनी म्हणाली. सुपातले तांदूळ तिने उगाच एका बाजूला ओढले. "बरंय मग तिचं. ठाऊक असलं की सकाळी डोळे उघडले की आधी तेच बघायचं, आज उठतोय का. नाही उठला की आपलंच काहीतरी कमी पडलं. मला ना वन्सं, हल्ली घास गिळताना पण वाटतं, यांनी टाकलं आणि मी खातेय." ती रडली नाही. रडायचंही तिला नको वाटत असावं. मी सूप माझ्याकडे ओढलं आणि तिच्याबरोबर खडे वेचायला लागले. एकोणीस वर्षांची होते मी, दुसरं काय करणार?

पुढे मी डोंबिवलीत मुलांना इंग्रजी शिकवण्यात जन्म काढला आणि ती कविता कितीदा तरी अभ्यासाला आली. मुलं-मुली उत्तरं लिहायची, प्रेमात केवढी ताकद असते वगैरे. छान लिहायची, मी मार्क द्यायचे. पण दर वर्षी वाटायचं, यातला एकजण तरी विचारेल, आणि ती? कुणी विचारलं नाही. महाडकडच्या सातवी शिकलेल्या बाईने मात्र तांदूळ निवडता निवडता विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेले तर खाट रिकामी! दादा मोरीपाशी उभा होता. "कुंदा, गरम पाणी दे गं, दाढी करतो." मी ओरडलेच, "आई!" आई धावत आली आणि दारातच थिजली. दादाने दाढी केली, आंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट मागितला. शर्ट अंगात ढगळ झालेला. चहाबरोबर त्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या, आई त्याच्या तोंडाकडे बघत बसलेली, जसा काही तो पहिल्यांदा उष्टावतोय. मग तो म्हणाला, "मी शालूला घेऊन टिटवाळ्याला जाऊन येतो. तिथून बदलापूरला आत्याकडे जाऊ, राहू एखाद-दोन दिवस. शालू, दोन-चार साड्या घे बरोबर."

त्याने तिला शालू म्हटलं होतं! आईने डोळ्याला पदर लावला आणि नारळ काढायला धावली. जास्वंदीच्या कळ्या, दुर्वा, डब्यात शिरा, सगळं पिशवीत भरलं. वहिनी गोंधळलेली, साडीची पिन तिने दोनदा चुकीची लावली. मी तिच्या केसात गजरा माळला. जाताना तिने वळून माझ्याकडे बघितलं, आणि किती महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर ते लग्नातलं हसू दिसलं. दोघं चाळीच्या बोळातून चालत निघाली, दादाच्या हातात पिशवी, आणि घराघरातून बायका बाहेर येऊन बघत होत्या.

तो दिवस आमच्या घरात सण होता. खरं सांगते, त्याच्यानंतर माझं लग्न झालं, लेक झाली, स्वतःचं घर झालं, पण त्या दिवसाइतका आनंद मला परत झाला नाही. आईने चाळभर साखर वाटली. काकू म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?" बाबा दुपारी पाळीवरून आले, त्यांना मीच आधी सांगितलं. ते मोरीत गेले, बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "चहात साखर जास्त टाक आज." मग खाटेवरची चादर आईने ओढून काढली, धुतली, गादी उन्हात टाकली. आता त्या खाटेवर पाहुणे बसतील, म्हणाली. मी कविता परत उघडली आणि पहिल्यापासून वाचली. आता मला तिच्यातला शब्दन् शब्द पटत होता.

दिवेलागणीला आई तुळशीपाशी दिवा लावत होती तेव्हा दादा बोळातून येताना दिसला. एकटाच होता. आईने त्याच्या मागे बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं. "अरे, आत्याकडे राहणार होतात ना? शालू कुठाय?"

दादाने चपला काढल्या, आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. गादी अजून बाहेर होती, खाटेच्या नुसत्या पट्ट्या दिसत होत्या. "कल्याणला महाडच्या एस.टी.त बसवून दिलं तिला," तो म्हणाला. "शेजारी तिच्या गावाकडच्या बाई होत्या, त्यांना सांगितलंय, घरी पोचवतील."

"एकटीला? माहेरी? का? काय केलं तिने?" आईचा आवाज चढला.

"तिने काही नाही केलं. तिनेपण हेच विचारलं, माझं काय चुकलं. मी म्हटलं, तुझं काही नाही, काल दुपारी मी जागाच होतो, सगळं ऐकलं, तू माझ्याजवळ राहिलीस तर तूही अशीच पडून राहशील. घरी सांग, नवरा आजारी आहे, मला फसवून दिलं. सोडचिठ्ठीवर मी सही करेन म्हणावं, कुठे हवी तिथे." तो एक एक वाक्य थांबून बोलत होता, चढण चढून आलेल्या माणसासारखा. "गाडी सुटेपर्यंत मी खिडकीपाशी उभा होतो. रडत होती. पण उतरली नाही."

बाबा उठून उभे राहिले आणि परत खाली बसले. आई मात्र त्याच्या समोर जाऊन त्याच्या ढगळ शर्टाच्या बाह्या धरून त्याला हलवायला लागली. "अरे, पण आता कशाला रे? आता तू उठलास ना! सकाळपासून चांगला आहेस, जेवलास, हिंडलास, लोकांनी बघितलं! आज तर बरा झालास तू! उद्या सकाळी जाऊन आणू तिला, मी पाया पडेन तिच्या आईबापाच्या, तू फक्त बरोबर चल!"

दादाने आईचे हात सोडवले नाहीत. तसाच तो खाटेच्या उघड्या पट्ट्यांवर बसला, मग आडवा झाला आणि भिंतीकडे वळला.

"आज बरं वाटत होतं, आई," तो म्हणाला. "उद्या वाटेल की नाही माहीत नव्हतं. म्हणून आजच सोडून आलो."